शब्दचर्चा: दातांचा ‘क्षय’ म्हणजे कीड की झीज?

पुरचुंडी: शेतीपूर्वीचे शिकारी-संकलक आणि सुरुवातीचे शेतकरी यांच्या दातांवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. ‘केरीज’ला दंतक्षय लिहिलं. ताई म्हणाली, “म्हणजे दात झिजतात ना?” आणि नेमका झिजलेल्या दातांवर लेखात वेगळा परिच्छेद आहे!

पाटावरवंटा: ताईंचं बरोबर आहे. क्षय म्हणजे कमी होत जाणं, क्षयतिथीतला तोच. सरळ ‘दातांची कीड’ लिहा. या विषयात हे दोन शब्द एक झाले तर सगळंच ओमफस. चिवट कंद, वाळूचे कण असलेलं अन्न चावून दाढांचे उंचवटे सपाट होतात, ती झीज. तोंडातले जिवाणू पिठूळ-गोड अन्न खाऊन आम्ल सोडतात, त्यानं दात विरघळून खड्डा पडतो, ती कीड. धान्य शिजवून मऊ खाणं सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी दुसरीचं प्रमाण वाढलं. अर्थात दगडावर दळलं की पिठात कच येतेच, तेव्हा शेतकऱ्यांचे दात झिजलेच नाहीत असं लिहू नका.

चौकस: पण दातात किडा नसतो. अशास्त्रीय शब्द कशाला?

पाटावरवंटा: सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ आहे, बॅबिलोनियातल्या मातीच्या पाटीवरही दातातल्या किड्याचा मंत्र आहे. समजूत गेली, शब्द राहिला. ‘देवी आल्या’ म्हणणारे डॉक्टर काय देवी मानत होते?

पुरचुंडी: पटलं. आणि दातांवरचा कडक थर? एका कोशात ‘दंतशर्करा’ दिसलं. वाचक साखर समजतील.

चौकस: शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. साखरेला ते नाव तिच्या खड्यांवरून पडलं. सुश्रुतातल्या दंतशर्करेचा गोडाशी संबंध नाही. शब्द सुंदर आहे, पण तुमच्या लेखात ‘किटण’ घाला. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथलच्या (नामशेष झालेल्या प्राचीन मानवाच्या) दातांवरच्या किटणात रानटी जवाचे, त्यातही काही शिजवलेले, पिष्टकण (स्टार्चचे कण) सापडलेत. किटण म्हटलं की ते घट्ट चिकटून बसणं डोळ्यांसमोर येतं.

पाटावरवंटा: एक राहिलं. ‘शेतीमुळे कीड आली’ असं वाक्य असेल तर ‘शेतीबरोबर वाढली’ करा. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट गुहेतले लोक 15,000 ते 13,700 वर्षांपूर्वीचे, शेतीचा पत्ता नाही, तरी निम्म्याहून अधिक दात किडलेले (2014चा अभ्यास). कारण काय, तर ओकची पिठूळ फळं भरपूर खाल्ली. जिवाणूंना पीठ पेरलेलं की वेचलेलं, सारखंच.

पुरचुंडी: ‘मुळे’ खोडलं. त्या फळांना ‘बलूत’ चालेल का? हिंदीत दिसलं.

चौकस: नको हो. अर्धे लोक ‘बलुतं’ वाचतील आणि गुहेत सुतार-न्हावी शोधत बसतील.