मदत हवी आहे: काळ्या जमिनीत सांडपाणी काही दिवस थांबवून आपोआप शुद्ध होऊ देणारं उथळ तळं (स्थिरीकरण तळं) टिकेल का?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. लोकसंख्या साधारण ३,८००. हंड्याने पाणी आणायचे तेव्हा सांडायला काही उरतच नव्हतं. आता घरोघरी नळ आले. माणशी रोज ५५ लिटर धरलं आणि त्यातलं ७० टक्के मोरीतून बाहेर पडतं असं मानलं, तर रोज जवळपास दीड लाख लिटर सांडपाणी होतं. ते सगळं उघड्या गटारातून ओढ्याला जातं, आणि ओढ्याकाठीच गावची जुनी विहीर आहे.

नांदेडच्या टेंभुर्णीचं बघून आम्हीही रोजगार हमीतून शोषखड्डे घेतले. चार फुटी खड्डा, मधे वरच्या अंगाला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गावठाणाच्या मुरमाड बाजूला ते आजही उत्तम चालतात. काळ्या मातीच्या बाजूला मात्र पहिल्याच पावसाळ्यात तुंबले. एकाचं झाकण काढलं तर टाकी काठोकाठ, वर साबण-तेलाची साय, आणि दगडांच्या फटी चिखलाने लिंपलेल्या. चिकण माती फुगली की पाणी मुरणार कुठे?

एका सल्लागाराने ब्लोअरवर (सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या विजेच्या यंत्रावर) चालणारा प्रकल्प सुचवलाय. मला तो पटत नाही. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल भरतानाच ग्रामपंचायतीची ओढाताण होते, लाईट तासन् तास नसते, आणि हवा बंद पडली की त्यातले जिवाणू मरतात. शिवाय स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरलेत, म्हणजे आम्हाला १० लाख ६४ हजार. त्यातलेही ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे.

म्हणून माझा कल स्थिरीकरण तळ्याकडे आहे. दहा दिवस पाणी थांबवायचं तर १,५०० घनमीटर जागा लागेल. सव्वा मीटर खोलीला साधारण १२ गुंठे, बांध आणि पुढचं छोटं तळं धरून वीसेक. उताराला तेवढं गायरान आहे. जी माती शोषखड्ड्यात नडली तीच तळ्यात पाणी धरून ठेवेल असं वाटतं, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या तर? मुरमाचा बांध पुरतो की प्लास्टिकचा कागद अंथरावाच लागतो? हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

दुसरी अडचण मोठी आहे. बऱ्याच घरांनी सेप्टिक टँकचा पाईप थेट गटारात सोडलाय. ते पाणी मिसळलं की नुसती मोरीच्या पाण्याची गणितं चालत नाहीत. आधी बंदिस्त टाकी बांधून गाळ बसवायचा, की त्या घरांना वेगळे शोषखड्डे द्यायचे? काळ्या मातीच्या बाजूला तर तोही मार्ग बंद आहे. आणि गाळ उपसायला गाडी कुठून आणता?

ओढ्यात सोडायचं तर बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, जमिनीला द्यायचं तर १०० चालतो. खालचे दोन शेतकरी हत्तीघासासाठी पाणी घ्यायला तयार आहेत. भाजीपाल्याला ते देऊ नये यावर मी ठाम आहे. मराठवाडा-विदर्भात कुणाकडे असं तळं चालू असेल तर गावाचं नाव सांगा, आम्ही चार-पाच जण येऊन बघू. अंदाजपत्रक किंवा नकाशा मिळाला तर ग्रामसभेपुढे ठेवता येईल. विषय पुढच्या सभेत आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.