पहिल्यांदाच समोरासमोर येणारे संघ आणि बाउल सामना

धरमपेठकर (प्रश्न)
नमस्कार. माझा भाचा ओक्लाहोमा विद्यापीठात शिकतो. त्याच्या नादाने मीही हिवाळ्यात पहाटे रजई गुंडाळून अमेरिकेतले कॉलेज फुटबॉल पाहू लागलो आहे. शंभराहून अधिक वर्षे खेळणारे दोन संघ हंगामानंतरच्या बाउल सामन्यात ‘प्रथमच’ भेटत असल्याचे समालोचक सांगतात, हे कसे शक्य आहे? आणि जुना हिशेबच नसेल, तर प्रशिक्षक तयारी कशाच्या आधारावर करतात?

जामठा_पूर्व_स्टँड
रणजी करंडकात ३८ संघ आहेत. तिकडे वरच्या श्रेणीतच १३० हून अधिक संघ आहेत आणि नियमित सामने अवघे बारा, त्यातलेही आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समधल्या (संघांच्या ठरलेल्या गटातल्या) संघांशी. त्यामुळे दूरच्या संघाशी गाठ पडण्याचा योग पिढ्यान्‌पिढ्या येत नाही. पहिला बाउल सामनाही, म्हणजे १९०२ सालचा पॅसाडीनातला मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड, असाच अनोळखी संघांमधला होता आणि तो मिशिगनने ४९-० असा जिंकला.

सकाळची_तर्री
तयारीबद्दल लिहितो. नियमित हंगाम आणि बाउल यांच्यात बहुधा तीन-चार आठवडे मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या सामन्यांचे चित्रीकरण त्या काळात पाहून होते; मात्र त्याने राखून ठेवलेला डाव त्यात कुठेच दिसत नाही.

१ जानेवारी २००७ चा फिएस्टा बाउल आठवून पाहा (आपल्याकडे तेव्हा २ तारखेची सकाळ होती). ओक्लाहोमा आणि बॉइसी स्टेट त्यापूर्वी कधीही खेळले नव्हते. बॉइसी १९९६ मध्येच वरच्या श्रेणीत आलेला, त्यामुळे जाणकारांचे पारडे ओक्लाहोमाकडे झुकलेले होते. सात गुणांनी मागे, अठरा सेकंद शिल्लक, चौथा डाऊन (म्हणजे चेंडू पुढे नेण्याची शेवटची संधी) आणि हवे होते अठरा यार्ड, अशा वेळी बॉइसीच्या खेळाडूने झेललेला चेंडू धावत येणाऱ्या सहकाऱ्याकडे अलगद सोपवला आणि त्या सहकाऱ्याने थेट टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार, सहा गुण) केला; पाठोपाठच्या एका गुणाच्या किकने बरोबरी साधली.

जादा वेळेत ४२-४१ अशा पिछाडीवर असताना एक गुणाची किक मारून बरोबरी करण्याऐवजी प्रशिक्षक क्रिस पीटरसन यांनी दोन गुणांसाठी चेंडू पुन्हा गोलरेषेपार नेण्याचा धोका पत्करला. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) झाब्रान्स्कीने रिकामा उजवा हात उजवीकडे फेकला, सगळा बचाव तिकडे वळला, आणि डाव्या हाताने पाठीमागे धरलेला चेंडू इयन जॉन्सनने अलगद घेऊन मोकळ्या डाव्या कोपऱ्याकडे धाव घेतली. ४३-४२!

जामठा_पूर्व_स्टँड
सामना थरारक होता हे मान्य. मात्र त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. अलीकडे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीकडे डोळे लावून बसलेले खेळाडू दुखापतीच्या भीतीने बाउलमधून माघार घेतात. फ्यूर्नेट आणि मॅक्कॅफ्री या नावाजलेल्या खेळाडूंनी २०१६ च्या हंगामात तेच केले. मग अनोळखी संघच काय, चित्रीकरणात अभ्यासलेला संघही मैदानावर तोच राहत नाही.

धरमपेठकर
उभयतांचे आभार. त्या २००७ च्या सामन्याचे चित्रीकरण कुठे मिळेल, असे भाच्याला विचारले. “मामा, तो सामना सोडून दुसरे काहीही मागा,” असे त्याचे उत्तर आले.