कडी लावणाऱ्याचा गुन्हा

दरोड्यात ज्याने कत्ती चालवली तोच खुनी, बाहेर पाळतीवर थांबलेल्याला केवळ चोरीची शिक्षा व्हावी, हे आपले म्हणणे मला पटत नाही. आमच्या परभणीकडे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहणारी माणसे दरोड्याची हकीकत सांगताना कड्यांचा उल्लेख हमखास करतात : आत शिरण्याआधी शेजारच्या घरांच्या कड्या बाहेरून लावलेल्या असतात. कडी लावणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाही हे खरे. पण आरडाओरडा होईल आणि तो ऐकून कोणी धावून येईल, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते.

बंगालमधील शंकरीटोला येथे 1923 साली पोस्टमास्तरांचा गोळी घालून खून झाला, तेव्हा ‘मी बाहेर उभा होतो’ हा आरोपीचा बचाव 1924 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, फेटाळला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 310(3) नुसार पाच किंवा अधिक जणांच्या दरोड्यात एकाने खून केला, तरी प्रत्येकाला मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. चौघेच असतील तर मात्र खुनासाठी कलम 3(5) चा समान इरादा, म्हणजे सगळ्यांचा मिळून तोच हेतू होता हे, सिद्ध करावे लागते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. कशासाठी जायचे हेच ठाऊक नसताना ज्या पोराने मोटारसायकलवरून दरोडेखोरांना फाट्यापर्यंत सोडले, त्यालाही तपासात सरसकट टोळीत धरले जाऊ नये. हत्यारे आणि बेत त्याला माहीत होते का, हे पुराव्यानेच ठरले पाहिजे.