बंबावरील साहित्य आणि इमारतीपाशी पोहोचल्यावर जवानांनी केलेली कामे

गवाक्ष (प्रश्न)

गेल्या महिन्यात ठाण्यातील आमच्या 14 मजली इमारतीत नवव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराला आग लागली. वर्दी दिल्यानंतर बंब लवकर आला आणि कोणालाही इजा झाली नाही, याबद्दल आम्ही सर्व रहिवासी जवानांचे मनापासून ऋणी आहोत. मात्र नळी घेऊन थेट वर न जाता त्यांनी ती फाटकाजवळच्या भिंतीतील लाल पेटीला जोडली, आणि पेटीची टोपणे रंगाने चिकटलेली असल्यामुळे ती ठोकून सोडवावी लागली. त्याच वेळी दोघे पाठीवर सिलिंडर चढवत होते आणि एक जण फळीवर काही लिहून घेत होता. खाली उभ्या असलेल्या काही जणांना हा वेळ वाया जात आहे असे वाटले, आणि त्या क्षणी मलाही तसेच वाटले. हे सर्व सोसायटीच्या सभेत नीट समजावून सांगता यावे, म्हणून जाणकारांनी या साहित्याचा उपयोग सांगावा, ही विनंती.

निवृत्त_फायरमन

आपण जे पाहिले त्यातला एकही क्षण वाया गेलेला नव्हता. जिन्याच्या वळणांतून नवव्या मजल्यापर्यंत पाणी न्यायचे, तर 30 मीटरच्या किमान चार नळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात. 63 मिलिमीटर व्यासाची अशी एक नळी पाण्याने भरली की तिच्यात सुमारे 93 लिटर पाणी असते. म्हणजे भरलेली नळी ओढत नेणे अवघड, आणि ज्या जिन्याने लोक खाली उतरत असतात तोच तिने अडतो. म्हणून खालची नळी लाल पेटीला, म्हणजे इमारतीच्या राइझरच्या (सर्व मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या नळाच्या) इनलेटला, पाणी आत सोडण्याच्या तोंडाला, जोडतात. इमारतीचा पंप चालू होवो वा न होवो, बंबाच्या पंपाचे पाणी या वाटेने वर चढते, आणि जवान आगीच्या खालच्या मजल्यावरील लँडिंग व्हॉल्व्हला (जिन्यापाशी राइझरवर बसवलेल्या तोटीला) छोटी नळी व ब्रांच, म्हणजे पाणी फवारण्याचे तोंड, लावून तेथून काम सुरू करतात. दर 10 मीटर उंचीला सुमारे 1 बार (साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) दाब खर्च होतो, हा हिशोब पंप चालवणाऱ्याला सतत मनात ठेवावा लागतो. नळ्यांची जोडणी खटक्याने बसणारी असते, कारण अंधारात आणि ओल्या हातांनी आटे फिरवत बसणे परवडत नाही. टोपणे रंगवून चिकटवणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे आणि तिची किंमत त्या वेळी मिनिटांत मोजावी लागते.

आता सिलिंडरविषयी. वर्तमानपत्रे त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, ते चुकीचे आहे. त्यात दाबून भरलेली साधी हवा असते. आगीजवळ शुद्ध ऑक्सिजन नेणे धोक्याचे ठरेल. 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने अंदाजे 2000 लिटर हवा मावते. श्रम करणारा माणूस मिनिटाला 40 लिटर किंवा त्याहून अधिक हवा वापरतो, त्यामुळे कागदावर ती 45 ते 50 मिनिटे पुरेल असे दिसते. पण दाब साधारण 50 ते 55 बारपर्यंत उतरला की उपकरणाची इशाऱ्याची शिट्टी वाजू लागते आणि तिच्या आधीच परतीची वाट धरायची असते. त्या फळीवर आत गेलेल्याचे नाव, आत जातानाचा दाब आणि वेळ लिहिलेली असते. आतल्या माणसाने किती वेळात बाहेर आलेच पाहिजे, हे बाहेरचा माणूस त्यावरून मोजतो. धुरात स्वतःचा हातही दिसत नाही, तेव्हा हीच फळी त्याची राखण करते. मी स्वतः अशी फळी घेऊन दाराशी उभा राहिलो आहे, आणि आतल्या जवानाची शिट्टी ऐकू येईपर्यंतची ती मिनिटे मला अजून आठवतात.

पंपवाला

वरील माहितीत एका गोष्टीची भर घालतो. साधारण बंबावर सुमारे साडेचार हजार लिटर पाणी असते आणि एका ब्रांचमधून मिनिटाला 450 लिटर पाणी गेले, तर ते दहा मिनिटांत संपते. म्हणून पहिले पाणी वापरणे चालू असतानाच दुसरे शोधावे लागते: रस्त्यावरचा हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ), टँकर, विहीर किंवा तलाव. गाडीला लटकवलेल्या ज्या जाड, ताठ नळ्या दिसतात त्या याच कामासाठी असतात. पंप पाणी खरे तर ओढत नाही. नळीतली हवा काढून घेतल्यावर बाहेरचा वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. ही सक्शनची, म्हणजे पाणी घेण्याची, नळी मऊ असती, तर त्याच दाबाने ती चपटी झाली असती, म्हणून तिच्यात तारेचे वेढे घातलेले असतात. सिद्धांताप्रमाणे पाणी 10.3 मीटर चढायला हवे, प्रत्यक्षात 7 मीटरच्या आसपास धरून चालावे. पाला आणि गाळ पंपात जाऊ नये म्हणून नळीच्या टोकाला जाळी लावतात.

पाताळगंगाकर

रासायनिक कारखान्यात काम करत असल्यामुळे फोमविषयी लिहितो. तीन टक्के फोम म्हणजे 97 भाग पाण्यात तीन भाग फोमचे मूळ द्रव. नळीत बसवलेला इंडक्टर वाहत्या पाण्याच्या वेगाने ते कॅनमधून आपोआप ओढून घेतो. पेट्रोल किंवा डिझेलवर फोमचे आवरण पसरून वाफ आणि हवा यांचा संबंध तोडते. मेथेनॉल, अ‍ॅसिटोन यांसारखी पाण्यात मिसळणारी द्रव्ये मात्र साध्या फोमचे आवरण विरघळवून टाकतात, त्यांच्यासाठी वेगळा फोम लागतो. घरगुती गॅस जळत असेल, तर पुरवठा बंद झाल्याशिवाय ज्योत विझवत नाहीत, कारण विझलेला पण गळता गॅस साचून स्फोट होऊ शकतो. तोवर तुषारांनी सिलिंडर थंड ठेवतात.

गवाक्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे: पहार, कुऱ्हाड आणि दोन जबड्यांचे मोठे अवजार आमच्याकडे वापरावे लागले नाही, ते कशासाठी असते?

निवृत्त_फायरमन

पहार आणि कुऱ्हाड बंद दारांसाठी, तर ते अवजार म्हणजे स्प्रेडर. हायड्रॉलिक दाबाने तो वाकलेला पत्रा फाकवतो आणि त्याच्या जोडीचा कटर मोटारीचे खांब कापतो; अपघातग्रस्त गाडीत अडकलेल्या माणसाला हलवण्यापेक्षा त्याच्याभोवतीची गाडी हलवणे सुरक्षित असते. सभेत आणखी एक मुद्दा मांडावा. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे नमुना 'ब' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन सोसायटीने दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यावे लागते. पुढच्या तपासणीच्या वेळी लाल पेटीची टोपणे आपल्यासमोर हाताने उघडून दाखवण्यास सांगावे, आणि त्या पेटीसमोर कोणाची दुचाकी उभी राहणार नाही, एवढे आजपासूनच पाहावे.