मदत हवी आहे: ओटीपोटात गाठ आहे की कप्प्यात साचलेलं पाणी?

आईच्या (वय ६२) सोनोग्राफीत ओटीपोटात १४ सेंमीची 'सिस्ट' दिसली. सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात बघतात ती रक्ततपासणी) २१० आलं, म्हणजे वाढलेलं, आणि लगेच अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय घेऊन मोठं ऑपरेशन सुचवलं गेलं. पण पोटात कोणत्याही कारणाने पाणी झालं तरी सीए-१२५ वाढतं, म्हणून आम्ही थांबलो.

दुसऱ्या रेडिओलॉजिस्टनी पुन्हा पाहिलं. त्यांच्या मते या 'सिस्ट'ला स्वतःची भिंतच नाही, म्हणजे ते कप्प्यात साचलेलं पाणी असावं. कडा आतड्यांच्या वळणांप्रमाणे आत-बाहेर जाते आणि डावं अंडाशय वेगळं दिसतं. उजवं मात्र सापडत नाही, त्यामुळे गाठ त्याचीच नाही ना हे कळत नाही; खरी अडचण तीच.

सुईने पाणी काढून तपासलं: लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, साग (रक्तातल्या आणि पोटातल्या पाण्यातल्या अल्ब्युमिनचा फरक) ०.७, एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ५८, कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबीची जीन एक्सपर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, पण पोटातल्या पाण्यात ती बऱ्याचदा टीबी असूनही निगेटिव्ह येते असं वाचलंय. लिव्हर नॉर्मल. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) १.९ म्हणजे जास्त, त्यामुळे कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध टोचून करायचा) सीटी टाळलाय. ताप नाही, वजन मात्र उतरतंय.

डॉक्टर मंडळी, अशा वेळी आधी बिनकॉन्ट्रास्टचा एमआरआय करून उजवं अंडाशय शोधावं, की थेट दुर्बिणीतून पेरिटोनियमची (पोटाच्या आतल्या अस्तराची) बायोप्सी घ्यावी?