चाइल्डिश, चाइल्डलाइक आणि कॅलो

इंग्रजीतले चाइल्डिश आणि चाइल्डलाइक हे शब्द एकाच अर्थाने चालतील असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. मोठ्या माणसाला चाइल्डिश म्हटलं की पोरकटपणाचा ठपका बसतो. चाइल्डलाइक म्हणजे निरागस, कौतुकाचा शब्द. प्युराइल, म्हणजेही पोरकटच, पण आणखी झोंबतो. कॅलो, म्हणजे कोवळा, अननुभवी, या शब्दाचा प्रवास तर फारच सुंदर आहे: जुन्या इंग्रजीत टकला, मग पिसं न फुटलेलं पिल्लू, शेवटी मिसरूड न फुटलेला पोरगा. म्हणून पन्नाशीत नवं काम शिकणाऱ्याला कॅलो म्हणू नये. तिथे ग्रीन चालतो, कारण त्यात वयाचा संबंध नाही, फक्त सराव नसणं आहे. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात घडी मोडल्यावर पुन्हा घालता न येणारा नवखा, तो ग्रीन. जुवेनाइल मात्र जपून: जुवेनाइल गुन्हेगार अल्पवयीन असतो, जुवेनाइल विनोद पोरकट.