रूट 66 वरचं जुनं डायनर : कुठे थांबू?

प्रश्न: फ्लॅगस्टाफहून लास वेगासला गाडीने निघतोय. सोबत आई, शाकाहारी. क्रोमची स्टुलं, जाड मिल्कशेक असलं जुन्या वळणाचं काही वाटेत आहे का?

भटक्या: आय-40 हा महामार्ग सोडून सेलिग्मनला वळा. तिथलं 'स्नो कॅप' 1953 सालचं, हुआन देल्गादियो यांनी रेल्वेच्या टाकाऊ लाकडातून उभारलेलं. दाराला मुठी दोन, त्यातली एक खोटी! आईंना पुढे करा आणि गंमत बघा. पुढे किंगमनपर्यंत जुना रस्ता, म्हणजेच रूट 66, सुमारे 87 मैल. वेळ जातो, जाऊ दे.

खादाड: स्टुलं हवीत तर किंगमनचं गुलाबी-फिरोजी 'मिस्टर डीझ'. ग्रिल्ड चीज सँडविच काकूंना चालेल. फ्राइज कशात तळतात ते मात्र विचारा. रूट बिअरमध्ये दारू नसते, हेही आधीच सांगून ठेवा.

प्रश्नकर्ता: सांगितलं. विश्वास बसलेला नाही.